दारातल्या ओल्या कुंड्या

हाकोदाते, ९ जुलै

प्रिय तात्सुयोकाकू,

सा. न. उकाडा कसा सोसताय? इथे आमच्याकडे अजून पहाटे पांघरूण लागतं, त्यामुळे हे विचारायचीसुद्धा लाज वाटते. गेल्या आठवड्यात क्योतोला आले तेव्हा तुमच्याकडे धड टेकताही आलं नाही. तुम्ही बांधून दिलेलं वांग्याचं लोणचं इथे सगळ्यांना आवडलं, सासूबाईंनासुद्धा, म्हणजे बघा.

काकू, एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. आईच्या दारातल्या गारवेलीच्या कुंड्या तुम्ही समोरच राहता म्हणून रोज बघत असणार. माझ्या लहानपणी लोक कामावर जाताना त्या निळ्या फुलांसाठी आमच्या दाराशी घटकाभर थांबायचे. आता मी आले तर निम्मी पानं करपलेली. मी म्हटलं, "आई, पाणी घातलं नाहीस का गं?" तर म्हणाली, "पहाटेच घातलं की." काकू, माती हाताला टोचत होती.

तिला इकडे घेऊन यायचा विषय काढला तर ताडकन म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या मासळीच्या दुकानात म्हाकूळ वाळत घालतात तशी मला वाळत घालणार आहेस का?" तेव्हापासून फोन केला की माझा आवाज ओळखते आणि ठेवून देते. एकटी राहीन, याच घरात राहीन, हा एकच हेका. ब्याऐंशी वर्षांची बाई, घरात एसी नाही, एक पंखा, तोही आवाज करतो म्हणून बंद ठेवते.

गल्ली कशी आहे ते तुम्हाला मी काय सांगू. वाळक्या कुंड्या दिसल्या की चर्चा सुरू होईल, मित्सुएबाईंचं हल्ली काही खरं नाही, आणि मुलगी बघा, लांब जाऊन बसलीय. आईच्या कानावर ते गेलं तर ती खचेल. म्हणून पाया पडून सांगते, पहाटे ती उठायच्या आत तेवढं पाणी घालाल का? तिला कळू देऊ नका. तिला वाटू दे तिनंच घातलं. पितरांच्या दिवसांत, तेरा ऑगस्टला, मी येतेच आहे. काय ते तेव्हा समोरासमोर ठरवू. तोवरचा महिना तेवढा निभावून न्या.

तुमची,
चिझुरु

---

क्योतो, १४ जुलै

चिझुरु बाळ,

अनेक आशीर्वाद. उकाडा सोसताय का म्हणून विचारतेस? सोसत नाही, शिजतोय आम्ही. चहूकडून डोंगर आणि मधे आमचं गाव, वर झाकण ठेवलेलं. पावसाळा यंदा आला कधी आणि गेला कधी, छत्रीसुद्धा उघडली नाही. कावळेदेखील चोच वासून बसतात.

तुझं काम समज झालं. पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जातेय. पण पोरी, तू मला काय करायला लावलंस ते तुला ठाऊक आहे ना? आपल्या गल्लीत दुसऱ्याच्या दारापुढे झाडायचं ते हातभर आणि पाणी शिंपडायचं तेही हातभर. त्याच्या पुढे गेलं की त्याचा अर्थ होतो, बाई, तुमच्याच्यानं आता होत नाही. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी हे शिकवलं, आणि आजवर मी ती रेघ ओलांडली नाही. आता म्हातारपणी चोरासारखी अनवाणी जाते, खडावांचा आवाज नको म्हणून. माझा नवरा असता तर पोट धरून हसला असता.

वेलींची काळजी करू नकोस. नळीतलं पहिलं पाणी ऊन असतं, ते आधी गटारात सोडते. कुंड्या रस्त्यावर टेकल्या होत्या त्यांच्याखाली विटा सरकवल्या, रस्ता तापला की बूड भाजतं. तांदळाचं धुवण घालते अधूनमधून. दुपारी पानं अशी काही मान टाकतात की जीव तुटतो, पण तेव्हा थेंबभरही घालायचं नसतं, मुळं उकडून निघतात. ऊन उतरलं की आपली आपण सावरतात.

काल मित्सुए दारात उभी होती. मला बघून म्हणते कशी, "बघ तात्सुयो, माझी वेल बघ. तुझ्यासारखी मी नळी धरून ओतत नाही, ओंजळीनं घालते." मी म्हटलं, "हो बाई, तुझा हातगुणच तसा." काय बोलणार? माझ्याच पाण्यावर मलाच टोमणा. पण चेहरा खुलला होता तिचा. त्यासाठी पहाटेची झोप मोडली तर मोडली.

तुझी,
तात्सुयोकाकू

---

हाकोदाते, २३ जुलै

प्रिय तात्सुयोकाकू,

तुमचं पत्र वाचून मी हसले आणि मग रडले. तुमचे उपकार कसे फेडू? सोबत थोडं सुकं म्हाकूळ पाठवतेय, दात साथ देत नसतील तर भिजवून घ्या.

आईचंही पत्र आलं, चक्क स्वतःहून. चारच ओळी. "माझी वेल यंदा कधी नव्हे इतकी फुललीय. हे विसरणाऱ्या बाईचं काम असतं का, तूच सांग. मला न्यायचं खूळ डोक्यातून काढ." अक्षर वाकडंतिकडं होतं, पण तिचा तोरा तोच. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, सासूबाई आपल्या दोघांनाही पुरून उरतील.

खरं सांगू काकू, मला माहीत आहे पाणी तुम्ही घालता. तरीही वेल हिरवी आहे असं वाचलं की वाटतं, आई बरी आहे. वेड्यासारखंच आहे हे. पण रात्री झोप लागायला लागली एवढं खरं. एक-दोनदा मनात आलं, कशाला ओढाताण करायची तिची, राहू दे हा हिवाळा तिथेच.

तिचं जेवण कसं चाललंय? विचारलेलं तिला कळू देऊ नका.

तुमची,
चिझुरु

---

क्योतो, २ ऑगस्ट

चिझुरु बाळ,

म्हाकूळ पोचलं. दात नाहीत, पण हाव आहे, चघळत बसते.

इकडे पाण्याची बोंब आहे. बिवा तळं आटत चाललंय म्हणतात, गाडीवाले भोंगा लावून सांगून जातात, पाणी जपून वापरा. मी आंघोळीचं पाणी बादलीत धरून ठेवते आणि तेच दोन्हीकडच्या कुंड्यांना पुरवते. दिवसा रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळे पडदे सोडून घरात पडलेले. मित्सुएचंही तसंच. टीव्ही मात्र मोठ्यानं चालू असतो, माझ्या माडीपर्यंत कुस्तीची बातमी ऐकू येते, त्यावरून समजायचं बाईसाहेब जाग्या आहेत.

जेवणाचं विचारतेस. परवा गार शेवया करून घेऊन गेले तर दार अर्धं उघडून म्हणाली, "मी काय भिकारीण आहे?" म्हटलं, अगं जास्तीच्या झाल्या. "मग तुझ्या मांजराला घाल." आणि दार लावलं. आता मी चार दिवस तिकडे फिरकत नाही. तिचा राग पाण्यावरचा, पण जवळ गेलं की माझ्या तोंडून पाण्याचं काहीतरी निसटेल याचीच धास्ती वाटते. तू मला गुपित दिलंस, आणि माझं तोंड तर तुला माहीत आहे. बाकी तब्येत ठीकच म्हणायची. थोडी वाळलीय. या दिवसांत कोण वाळत नाही?

एक गंमत सांगते. आपल्या भागातल्या एकट्या म्हाताऱ्यांकडे लक्ष ठेवायला त्या निशिवाकीबाई नेमल्यात ना, सायकलवरून रोज सकाळी गल्लीतून जातात. काल मित्सुएच्या दाराशी पाय टेकवून उभ्या राहिल्या, कुंड्यांकडे बघितलं, मला म्हणाल्या, "मित्सुएबाई किती निगुतीनं करतात हो या वयात." मी ओठ चावून हसू दाबलं. म्हटलं, "करतात तर." झाल्या पुढे. घंटी वाजवायचं त्यांचं धाडस नाही, मित्सुएनं एकदा त्यांना फैलावर घेतलं होतं म्हणे. बघ, तुझी आई गल्लीत ताठ मानेनं राहतेय. कुणाची टाप नाही बोलायची.

तेराला येशील तेव्हा गार कलिंगड कापून ठेवते.

तुझी,
तात्सुयोकाकू

---

हाकोदाते, ९ ऑगस्ट

प्रिय तात्सुयोकाकू,

घाईत लिहितेय. सासूबाई अंगणात घसरल्या, मांडीचं हाड मोडलंय. दवाखाना, दुकान, म्हाकुळाचा हंगाम, सगळं एकदम अंगावर आलंय. तेराला येणं होत नाही. वीस-एकवीसला नक्की.

आईला फोन लावते, पण ती उचलत नाही. उचलायची नाहीच, राग आहे ना. तुम्हीही सांगू नका, मी येणार नाही हे ऐकून आणखी बिथरेल. मी आले की मीच बघेन.

पितरांच्या दिवसांत लोक एकमेकांकडे येतात-जातात, दारं बघतात. तेवढं पाणी चुकवू नका, काकू. दहा दिवसांचा प्रश्न आहे.

तुमची,
चिझुरु

---

हाकोदाते, २७ ऑगस्ट

तात्सुयोकाकू,

अस्थी घेऊन परत आले. फडताळावर ठेवल्यात. सासूबाई पलंगावरून त्यांच्याकडे बघून हात जोडतात आणि मी त्यांना पेज भरवते. सासूला पेज भरवते आणि माझी आई तिथे मोरीच्या दाराशी पडून गेली.

तिथे असताना मला काही सुचत नव्हतं. तुम्ही सोळाला, डोंगरावर पितरांच्या निरोपाचे जाळ पेटले तेव्हा आई दरवर्षीसारखी तुमच्या माडीवर आली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं दार उघडायला लावलंत, एवढंच मला कळलं. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस तरी झाले असतील. उन्हानं चक्कर येऊन पडली, आणि लगेच गेली नाही. नखांत मोरीच्या फळीचे कपचे होते. पहिल्या दिवशी कुणी आलं असतं तर सलाइन लावून वाचली असती, हेही त्यांनी मी विचारलं म्हणून सांगितलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

आता मला एकच दिसतं. ती निशिवाकी. तुम्हीच लिहिलं होतं, रोज सकाळी जाते म्हणून. अंत्यविधीला आली, जमिनीपर्यंत वाकली. मी विचारलं, "तुम्ही रोज बघत होतात ना? काय बघत होतात?" तर रडायला लागली. रडून काय होतं? घंटी वाजवायला हात मोडले होते? मी नगरपालिकेत तक्रार देणार आहे, ती पुन्हा कुणाच्या दारावरून जाता कामा नये. तुम्ही समोर राहता, ती रोज यायची आणि न थांबता जायची एवढं लिहून द्या. तुमची सही लागेल.

चिझुरु

---

क्योतो, १ सप्टेंबर

चिझुरु बाळ,

तीनदा लिहायला बसले, तीनदा फाडलं.

सही देईन. पण आधी ऐक. निशिवाकीबाई परवा माझ्याकडे आल्या. चहाला हात लावला नाही. मे महिन्यात त्यांनी मित्सुएची घंटी वाजवली तेव्हा ती म्हणाली होती, "मी मेले का ते बघायला येता? रोज पहाटे मी माझ्या वेलींना पाणी घालते. कुंड्या ओल्या दिसल्या की समजा जिवंत आहे, आणि कोरड्या दिसल्या तर खुशाल दार फोडा." त्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि तसंच पाळलं. रोज सायकल थांबवून कुंड्या बघायच्या. जुलैच्या सुरुवातीला कोरड्या दिसल्या, पण तेव्हा मित्सुए स्वतः दारात दिसायची म्हणून दार वाजवलं नाही, आणि पुढे त्या ओल्याच राहिल्या. बारा तारखेला ओल्या, तेराला ओल्या, पंधराला ओल्या. सोळाला चार फुलं उमललेली होती, तीही त्यांनी बघितली.

मला म्हणाल्या, "तात्सुयोबाई, मेलेल्या माणसानं पाणी कसं घातलं हो?" भाबडेपणानं विचारलं त्यांनी. मी सांगितलं. त्या उठल्या आणि चपला घालून गेल्या. त्यांनी राजीनामा दिलाय असं ऐकते.

मोरीची भिंत आणि कुंड्यांची रांग यात एक वीट आहे, चिझुरु. आत ती पाण्यावाचून फळी ओरबाडत होती आणि बाहेर मी अनवाणी पायांनी तिच्या वेलीला पाणी पाजत होते. आवाज होऊ नये म्हणून नळीवर अंगठा धरून. टीव्ही चालू होता म्हणून मला काही ऐकू आलं नाही, का माझे कानच गेलेत, ते देव जाणे. त्या पहाटे मी खोकलासुद्धा दाबला होता.

आणि आणखी एक. शेवया घेऊन गेले तेव्हा तिनं मला माझ्या नावानं हाक मारली नव्हती, तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं मारली होती. अंगात लोकरीचा स्वेटर होता, त्या उन्हात. मी तुला "ठीकच म्हणायची" असं लिहिलं. तू नेशील, तिचं घर सुटेल, आणि समोरचं दार कायमचं बंद होईल, मला एकटं वाटेल, असलं काहीतरी माझ्या मनात आलं असणार.

तेव्हा तक्रार द्यायची तर माझ्यावर दे. पाणी मी घातलं. त्या बाईंचं नाव त्यात घालू नकोस.

तात्सुयो

---

हाकोदाते, ६ सप्टेंबर

काकू,

तुमच्या पत्रात सगळं आहे. पाणी कुणी घालायला सांगितलं तेवढंच कुठे नाही. तुम्ही ते लिहिलं नाहीत. मी दोनदा वाचून बघितलं.

मी सांगितलं होतं. तुमच्या मनाला ते पटत नव्हतं, तुमची ती हातभराची रेघ तुम्ही मला लिहून कळवली होती, आणि मला ती गंमत वाटली. नऊ तारखेलाही मी लिहिलं, पाणी चुकवू नका. लोक दारं बघतात म्हणून. आईनं आपल्या हातानं खूण ठरवून ठेवली होती आणि मी ती पुसायला माणूस नेमलं. मला तिच्या जिवाची काळजी होती असं मी स्वतःला सांगत होते. मला गल्लीची काळजी होती. मुलगी बघा कशी, हे ऐकायचं नव्हतं. आता कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, बिचारी किती लांब होती.

तक्रार फाडून टाकली. निशिवाकीबाईंना पत्र लिहायला बसले, नुसतं नाव लिहून झालं.

नवरा म्हणतो, तुला कुठे माहीत होतं. खरं आहे, माहीत नव्हतं. त्यानं काहीच कमी होत नाही, काकू. मी पहाटे जागी होते आणि मला नळीचा आवाज ऐकू येतो.

त्या वेली उपटून टाका. मला यायचं नाही त्या घरात, इतक्यात तरी. तुम्हाला दोष देत नाही. देता आला असता तर बरं वाटलं असतं.

चिझुरु

---

क्योतो, १७ सप्टेंबर

चिझुरु बाळ,

उपटल्या. बी धरलं होतं, ते ठेवलं नाही.

सप्टेंबर निम्मा सरला तरी ऊन हटत नाही. गेल्या रविवारी गल्लीच्या मंडळाची सभा झाली, मित्सुएवरूनच. सगळे आले. एकट्या राहणाऱ्यांची नावं वाचली, त्यात माझं पहिलं. ठरलं असं की यापुढे कुणाच्या दारातली झाडं सुकलेली दिसली तर गप्प बसायचं नाही, दार वाजवायचं, उत्तर नाही आलं तर फोडायचं. दुसऱ्याच्या कुंडीला पाणी घालायचं नाही म्हणजे नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्या ओकिनोबाईंनी तर डोळे पुसले. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "तात्सुयोबाई, आता निर्धास्त राहा."

घरी आले आणि मनात आलं, बघू या.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या कुंड्यांना पाणी घातलं नाही. दार लावलं, जाळीचा पडदा सोडला, टीव्ही मोठ्यानं लावला आणि आतल्या अंधारात पाट टाकून बसले. खुळेपणा म्हण. पण मला बघायचंच होतं. दुपारपर्यंत पानांनी मान टाकली, संध्याकाळी ती सावरली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी कडा कुरकुरीत झाल्या, कळ्या गळून रस्त्यावर पडल्या. माझीही वेलच, तुझ्या आईनंच दिलेल्या रोपाची, पण हात आवरला.

जाळीतून मला सगळे दिसत होते. ओकिनोबाई आल्या, बघितलं, थबकल्या, बाहीला काही लागल्यासारखं झटकून पुढे गेल्या. एरवी सावकाश चालणारे शाळामास्तर कुंड्या बघून भरभर चालायला लागले. अध्यक्षसाहेब सायंकाळी आले, चष्मा वर केला, चांगले घटकाभर उभे राहिले. मला वाटलं, आता. हात घंटीपर्यंत गेला त्यांचा. मग इकडे-तिकडे बघितलं आणि खाली घेतला. मला त्यांचा राग नाही आला, चिझुरु. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. कुणाचं दार वाजवून म्हणायचं काय, बाई, तुमच्या कुंड्या सुकल्यात, तुम्ही आहात ना? आपल्या तोंडातून ते निघतच नाही.

तीन रात्री मी अशा काढल्या. म्हटलं, आजचा दिवस बघते आणि मग सोडून देते.

आज पहाटे दार उघडलं तर कुंड्या भिजलेल्या होत्या. नुकत्याच. पाण्याचा ओघळ रस्त्याच्या मध्यापर्यंत गेलेला, आणि वाळलेली पानं कुणीतरी हळूच खुडून बाजूला ठेवलेली. कोण ते मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. चांगल्या मनाचं माणूस असणार. मला लाज वाटू नये म्हणून मी उठायच्या आत येऊन गेलं. दार कुणी वाजवलं नाही.

तुझी,
तात्सुयोकाकू